दारापुढचा खड्डा आणि घरामागचा पूल

अण्णा,

आज चार वाजता मला ठरवायचंय की संध्याकाळी मिठाच्या गाड्या कोणत्या रस्त्यांवर जाणार आणि कोणत्या नाही. आत्ता दोन वाजून गेलेत आणि मला भीती वाटते आहे. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं एकदाही वाटलं नाही, उगाच खोटं कशाला बोलू. दर वर्षी तुमच्या तिथीला गॅलरीत पान ठेवतो, एवढंच. इथल्या कावळ्यांना वरणभातापेक्षा बटाट्याच्या तळलेल्या फोडी जास्त आवडतात, त्यामुळे पान बराच वेळ तसंच राहतं आणि बायको म्हणते, अण्णांचा राग गेला नाही वाटतं. आज स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलोय. समोर लॅपटॉप आहे, दोन फोन आहेत, चहावर साय धरलीय. खिडकीतून आमच्या घरामागचा कालवा दिसतो आणि कालव्यावरचा छोटा पूल. त्या पुलाकडे बघायला नको वाटतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

मी काय काम करतो हे तुम्हाला कधी कळलंच नाही. मी इकडे डचांच्या देशात, एनस्खेडेला रस्तेबांधणी शिकायला निघालो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, रस्तेच शिकायचे तर आपल्या घाटात काय कमी होते, आणि त्याहून लांब गेलास. मग पहिल्या थंडीत माझ्या वर्गातल्या एका मुलाबरोबर तपकिरी माकडटोपी पाठवलीत. मला तिची इतकी लाज वाटली की बॅगेच्या तळाशी ठेवली ती तिथेच राहिली. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. मी टिलबर्गजवळच्या एका लहान शहरात नगरपालिकेत लागलो. नगरपालिकेला इथे खेमेंटे म्हणतात. माझ्या पदाचं नाव आगगाडीएवढं लांब आहे, पण तुमच्या भाषेत मी मुकादमच. थंडीत रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो, त्यावर गाड्या आणि सायकली घसरतात, म्हणून आधीच मीठ पसरायचं. ट्रकच्या ट्रक मीठ. आई आम्हाला सांगायची की मीठ सांडू नका, मेल्यावर देवाघरी पापण्यांनी वेचावं लागतं. पहिल्या वर्षी डेपोत मिठाचा डोंगर बघितला आणि मला तेच आठवलं. मी सांडलेलं पापण्यांनी वेचायला किती जन्म लागतील देव जाणे. रस्त्याच्या पोटात बसवलेले थर्मामीटर मला मिनिटामिनिटाला सांगतात कुठे किती गार आहे. हवामानखात्याचा अंदाज दुपारी येतो आणि चार वाजता मी सांगतो, निघा. सांगायला चुकलो तर कोणाचं तरी हाड मोडतं. म्हणून दर हिवाळ्यात नोव्हेंबरपासून मी रात्री उठून थर्मामीटरचे आकडे बघतो, आणि मार्चमध्येच काय ते थांबतं.

यंदा ते थांबेल असं वाटत नाही. अशी थंडी इथल्या म्हाताऱ्यांनाही आठवत नाही. आठवड्यांमागून आठवडे जमीन दगड झालीय. सगळ्याच गावांना एकदम मीठ लागलं, त्यामुळे मिठाच्या बोटी पुरेनात. डेपोतला डोंगर माझ्या कमरेएवढा उरला. मग वरून हुकूम आला: मोठे रस्ते, बसचे रस्ते, दवाखाना, अग्निशमन, आणि सायकलींच्या वाटांपैकी ज्या यादीत आहेत तेवढ्याच. यादीत नवीन जागा घालायची नाही. फक्त एखाद्या जागी कोणी घसरून जखमी झाल्याची नोंद असेल तरच ती घालता येईल. घरामागचा पूल यादीत नाही. पूल जमिनीआधी गोठतो, खालून वारा लागतो ना त्याला, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या अकरा घरांनी अर्ज केला होता की हा पूल यादीत घ्या, शाळेची मुलं यावरून जातात. अर्जावर माझ्या बायकोची सही होती. अर्ज आला माझ्याच टेबलावर. अशा जागांना गुण द्यायचे असतात, शाळा किती जवळ, सायकली किती, म्हातारी माणसं किती. अण्णा, मी त्या पुलाला मिळायला हवे होते त्यापेक्षा कमी गुण दिले. जाणूनबुजून दिले. कारण तो माझ्या घरापासून दोनशे पावलांवर आहे, आणि मी तुमचा मुलगा आहे.

तुमच्या आधीच्या मुकादमाची गोष्ट तुम्ही जेवताना किती वेळा सांगितली असेल. खात्याचं डांबर आणून त्याने स्वतःचं अंगण गुळगुळीत केलं, आणि सगळा घाट खड्ड्यांत. लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे, आपला तो बाब्या. त्याची बदली झाली आणि तुम्ही आलात, तेव्हाच तुम्ही ठरवलंत म्हणे की आपल्या दारापुढचा खड्डा सगळ्यात शेवटी भरायचा. आपण घाटाच्या पायथ्याशी खात्याच्या खोल्यांत राहायचो, रस्ता दारातूनच जायचा, आणि दाराच्या अगदी समोर तो खड्डा. तुमच्या हाताखालचे मैलकुली मुरमाची गाडी घेऊन वरपासून सुरुवात करायचे, खाली येईपर्यंत मुरूम संपलेला असायचा. तुमचं 'शेवटी' कधी यायचंच नाही. एसटीचे ड्रायव्हर तिथे आले की गाडी हळू करून खिडकीतून ओरडायचे, मुकादम, दिव्याखाली अंधार. आणि तुम्ही हसायचात. तुम्हाला त्या टोमण्याचा अभिमान होता, अण्णा, हे मला तेव्हाही कळायचं. पगाराच्या दिवशी इंजिनिअरसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की ह्या माणसाचा खड्डा बघा, म्हणजे ह्याचा प्रामाणिकपणा कळेल. त्या दिवशी तुम्ही घरी भजी आणली होतीत.

मग आई पडली. मी नऊ वर्षांचा होतो. पंपावरून कळशी घेऊन येत होती, पाय खड्ड्यात गेला, उजवा हात खाली आला. मनगटाचं हाड बाहेरूनच दिसत होतं, तिरकं. मी रडायला लागलो आणि ती मलाच म्हणत होती की उगी, काही नाही झालं. तुम्ही घाटातून धावत आलात. तुम्ही तिला उचललंत, पाणी पाजलंत, आणि टेम्पो यायच्या आधी माझ्यासमोर गुडघ्यावर बसून सांगितलंत, "कोणी विचारलं तर आई मोरीत पडली. शेवाळावरून पाय घसरला. खड्ड्याचं नाव काढायचं नाही." तुमचा आवाज कधी नव्हे इतका हळू होता. मला वाटलं तुम्ही रागावलात. आज माझी लेक चौदा वर्षांची आहे म्हणून मला कळतं, तुम्ही घाबरला होतात. मुकादमाची बायको मुकादमाच्याच खड्ड्यात पडली म्हटलं की लोक आधी हसणार, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही तो भरलात की म्हणणार, घरचं माणूस पडलं तेव्हा लागला मुरूम. तालुक्याच्या डॉक्टरला तुम्ही मोरी सांगितलीत, साहेबांना मोरी सांगितलीत, शेजाऱ्यांना मोरी सांगितलीत. आईनेही मोरीच सांगितली. तिचं मनगट वाकडं बसलं. तिला पुन्हा कधी पातळ भाकरी थापता आली नाही. आपण जाड भाकऱ्या खाल्ल्या आणि कोणीही त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

खड्डा तसाच राहिला, कारण तिथे कोणी पडलंच नव्हतं. महिनाभराने शिंप्याची म्हातारी आई त्याच खड्ड्यात पडली. ताक न्यायला आपल्याकडेच येत होती. तिचा खुबा मोडला. ती बाजेवरून उठली नाही आणि दिवाळीच्या आत गेली. ती पडली त्याच संध्याकाळी साहेबांनी जीपमधून उतरून खड्डा भरायला लावला. किती मुरूम लागला ते मी उभा राहून बघितलं. एक घमेलं. म्हातारीला तुम्ही खांदा दिलात, घरी येऊन आंघोळ केलीत आणि रात्री जेवला नाहीत. तुम्ही पुढे वीस वर्षं नोकरी केलीत, निवृत्तीला हार घेतलेत, पण ते घमेलं आपल्या घरात कधी कोणी बोललं नाही. मीही नाही. आज मीच बोलतोय, कारण बारा दिवसांपूर्वी माझी लेक पुलावर पडली.

सकाळी आठच्या सुमारास तिचा फोन आला. इथली मुलं मराठी समजतात पण उत्तर डचमध्ये देतात, आमची त्याला अपवाद नाही. पण फोनवर ती फक्त "बाबा, बाबा" म्हणत होती. चपला घालूनच पळालो आणि स्वतःही दोनदा घसरलो. ती पुलाच्या मधोमध बसली होती, चढ जिथे संपतो तिथे. सायकल आडवी पडलेली, दप्तर कठड्याला अडकलेलं, एक हात दुसऱ्या हाताने धरलेला. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. पांढरीफटक पडली होती आणि तरी मला समजावत होती की फार दुखत नाही. मला तिच्या जागी कोण दिसलं ते तुम्हाला सांगायला नको. दवाखान्यात नर्सने विचारलं, कुठे पडली. अण्णा, मी विचारही केला नाही. विचार करायला वेळच लागला नाही, जीभच वळली. मी म्हणालो, घरामागे, आमच्या अंगणात. लेक माझ्याकडे बघत राहिली. नर्स गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी पुलावर पडले." मराठीत म्हणाली. स्पष्ट म्हणाली, कुठलाही शब्द न चुकता. मी म्हटलं, हो गं, ते एकच, आणि तिच्या पांघरुणाची घडी सारखी करत बसलो.

ऑफिसातही अंगणच सांगितलं. सगळे हसले, गावभर मीठ टाकतोस आणि स्वतःच्या अंगणात टाकत नाहीस होय. म्हणजे दिव्याखाली अंधार इथेही पोचला. मी हसलो आणि क्षणभर बरं वाटलं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. तुम्हाला भजी आणाविशी वाटली तसंच काहीतरी. रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. नातीचा गळ्यात बांधलेला हात बघून ती घाबरली आणि विचारलं, कुठे पडलीस गं. मीच पुढे होऊन म्हटलं, अंगणात. आई म्हणाली, "अंगणात होय. मी मोरीत पडले होते." आणि लगेच विषय बदलून विचारायला लागली की थंडीत पोरीला हळदीचं दूध देता की नाही. बायकोला ती गोष्ट माहीत आहे. आईनेच तिला एकदा पोळ्या लाटता लाटता सांगितली होती. फोन ठेवल्यावर बायको एवढंच म्हणाली की मी अर्जावर पुन्हा सही करणार नाही, आता तू बघ. त्या दिवसापासून घरात आम्ही एकमेकांशी मीठमिरचीपुरतंच बोलतो.

आमच्याकडे एक म्हातारा ड्रायव्हर आहे, सायकलींच्या वाटांवर मीठ टाकायची छोटी गाडी चालवतो, पुढच्या वर्षी निवृत्त होईल. डच माणसं मनात आलं की तोंडावर बोलतात, त्यातला हा अव्वल. गेल्या आठवड्यात कॉफी पिताना त्याने विचारलं की तो कालव्यावरचा पूल यादीत का नाही, मी रोज त्याच्या बाजूनेच जातो, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, गुण कमी पडले. तो म्हणाला, तुझ्या घराजवळ आहे म्हणून तर नव्हे? मी म्हटलं, असलं तरी माझ्या घराजवळचा आहे म्हणून तो आधी घ्यायचा का. त्याने पाव चावत माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पुलाला काय माहीत तिथे कोण राहतं." दोन मिनिटं. तुमचं एक घमेलं आणि माझी दोन मिनिटं.

मला घाटातली ती एक सकाळ आठवते. पहिली एसटी जायच्या आधी तुम्ही रोज सगळा घाट पायी चढायचात, खांद्यावर पहार टाकून. सुट्टीत एकदा मला नेलंत. धुकं इतकं की तुम्ही शेजारी आहात हे नुसतं वहाणांच्या आवाजावरून कळत होतं. मी पुढे पळालो आणि तुम्ही मला दंडाला धरून असं मागे ओढलंत की मी खाली बसलो. पुढे रस्त्यावर बोटाएवढे दगड पडले होते, चारपाच. मला त्यात काही वाटलं नाही. तुम्ही म्हणालात, डोंगर आधी लहान दगड पाठवतो. मग तुम्ही माझा हात धरून उभे राहिलात, वर डोंगराकडे कान देऊन. तुम्ही तो इतका घट्ट धरला होतात की माझी बोटं दुखायला लागली. तोवर मला वाटायचं माझे अण्णा कशालाच भीत नाहीत. खाली उतरताना तुम्ही सांगितलंत, ज्याला रस्त्याची भीती वाटत नाही त्याने मुकादमकी करू नये. त्या दिवशी तुम्ही एसटी दोन तास अडवून धरलीत, ड्रायव्हरने शिव्या घातल्या, आणि दरड खरंच आली. ह्याच माणसाला स्वतःच्या दारातला एक खड्डा भरायला लोकांची भीती वाटावी, हे मला अजून कळत नाही. म्हणजे कळतं. मीच तसा आहे.

आज सकाळी मी काय केलं ते सांगतो, हसू नका. बॅगेच्या तळातून तुमची माकडटोपी काढली. डब्यातलं मीठ घेतलं, कपाटातल्या मिठाच्या दोन पिशव्या घेतल्या आणि पुलावर गेलो. चोरासारखा इकडेतिकडे बघत मुठीने मीठ टाकत होतो. कारण आमच्या शेजारच्या आजी रोज साडेनऊला ह्या पुलावरून जातात. त्यांचे यजमान पलीकडच्या वृद्धाश्रमात आहेत, त्यांना आता कोणी ओळखू येत नाही, तरी ह्या रोज जातात आणि दिवसभर बसून संध्याकाळी पाचला परत येतात. धरून चालायची चार चाकांची ढकलगाडी असते हातात. आल्या, मला बघून थांबल्या. टोपीकडे बघितलं, मिठाकडे बघितलं. मला वाटलं आता विचारतील की तू मुठीने का टाकतोस. त्या म्हणाल्या की गाड्यांच्या मोठ्या पुलावर मला फार भीती वाटते, म्हणून तो टाळून मी इथूनच जाते. "इथे तू राहतोस. म्हणजे हा पूल तुम्ही सगळ्यात आधी करत असणार." दोन हिवाळे ही बाई माझ्या भरवशावर कोऱ्या बर्फावरून चालते आहे. आपण घर मागे ठेवतो कोणी बोलू नये म्हणून, आणि लोक बिचारे धरूनच चालतात की मुकादमाच्या दारापुढचा रस्ता तरी नीट असेल. मी हो म्हणून मान हलवली. का हलवली, विचारू नका. त्या ढकलगाडी लोटत निर्धास्त निघून गेल्या आणि त्या पलीकडे पोचेपर्यंत मी तिथेच उभा राहून बघत होतो.

आता अंदाज आलाय. साडेचारनंतर पाऊस, आणि जमीन इतकी गार आहे की थेंब पडल्या पडल्या गोठणार, रस्त्यावर काच ओतल्यासारखा. ह्या पावसाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. बर्फ दिसतो तरी, हा दिसत नाही. सकाळचं मूठभर मीठ त्याला काय पुरणार. दोन तास हे पत्र लिहितोय आणि मधूनमधून यादी उघडतोय आणि बंद करतोय. तुम्हाला खरं सांगतो, मी तुम्हाला लिहायला बसलो ते साहेबांना करायच्या त्या एका फोनपासून पळायला. मेलेल्या माणसाजवळ कबूल करणं किती सोपं आहे. समोरून कोणी हुं की चूं करत नाही.

केला फोन. चारला पाच कमी असताना केला. आमच्या साहेब एक बाई आहेत, माझ्यापेक्षा वयाने लहान. मी सांगितलं की माझी मुलगी अंगणात पडली नव्हती, पुलावर पडली होती, मी खोटं बोललो. एवढं बोलून थांबता आलं असतं, पण जीभ एकदा सुटली ती सुटली. दोन वर्षांपूर्वी गुण मीच कमी दिले तेही सांगितलं आणि का दिले तेही. मग त्यांनी विचारलं, "पुलावर नेमकं कुठे?" मी म्हटलं, मधोमध, चढ संपतो तिथे. टाइप केल्याचा आवाज आला. पूल यादीत गेला. बाकीचं सोमवारी बोलू, असं म्हणाल्या. त्या सोमवारची मला भीती आहेच, नोकरीचंही काही सांगता येत नाही. मग म्हाताऱ्या ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, बरं, पण हुकुमाप्रमाणे आधी दवाखान्याची बाजू करावी लागेल, तुझ्याकडे पोचायला साडेपाच होतील. वर जाऊन लेकीला सांगितलं की पूल यादीत आला, तू तिथे पडलीस असं लिहून. तिने मोबाइलमधून मान वर केली, डचमध्ये बरं म्हणाली आणि मी जाईपर्यंत माझ्याकडेच बघत होती.

एक राहिलं, अण्णा. ते मी साहेबांना सांगितलं नाही, बायकोलाही नाही, आईला तर नाहीच. शिंप्याची आई पडली तेव्हा मी दाराच्या पायरीवर शेंगा सोलत बसलो होतो. खड्डा गढूळ पाण्याने भरला होता, वरून बघणाऱ्याला साधं डबकं वाटावं. मला आत किती खोल आहे ते माहीत होतं. म्हातारी रिकामा तांब्या घेऊन सरळ त्याच्याकडे येत होती, मला बघून हसली. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. मग तुम्ही खड्ड्याचं नाव काढायचं नाही म्हणाला होतात ते आठवलं, आणि मी तोंड मिटलं.

साडेचार झाले. खिडकीवर थेंब यायला लागलेत. पाचला आजी निघतील आणि गाडी साडेपाचला येईल. मिठाची अर्धी पिशवी उरली आहे, टोपी खुंटीला आहे. मी पुलावर जाऊन उभा राहतो. त्या दिसल्या की लांबूनच हाक मारीन.